धुंधुरमासातली लढाई

आईने काल बाजरी दळून आणली. डब्याचं झाकण उघडून तिने मला पिठाचा वास घ्यायला लावला आणि म्हणाली, "ताजं आहे ना रे? मागच्या खेपेला गिरणीवाल्याने कुणाचं तरी जुनं पीठ मिसळलं होतं. मी काही बोलले नाही, पण मला कळलं." संशय हा आमच्या घरातला जुना मेंबर आहे. मी तो कुठून घेतला हे वेगळं शोधायला नको.

म्हणजे धुंधुरमास लागला. सूर्य उगवता उगवता जेवायचं, असा हा महिना. मुगाची खिचडी, वर लोणी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत. आमच्या मीरा रोडच्या इमारतीत हे करणारी आता बहुतेक एकटी आईच उरली असेल. पण तिची ती वेळ आणि माझी घरी यायची वेळ या महिन्यात नेमकी जुळते. मी रात्रपाळी करतो. अमेरिकेतल्या लोकांनी हिवाळ्यासाठी घड्याळं मागे घेतली की आमची पाळी तासभर उशिरा सुटते. एरवी मी अंधारात घरी येतो, या दिवसांत उजाडताना येतो. तिकडचे लोक घड्याळ फिरवतात आणि इकडे मीरा रोडला माझ्या ताटात गरम भाकरी पडते, याची गंमत मला दर वर्षी वाटते.

ऑफिस ठाण्याच्या पलीकडे आहे. परतीची गाडी घोडबंदर रोडने येते. चेण्याच्या आसपास खाडीवरून धुकं रस्त्यावर उतरलेलं असतं आणि गाडीत थंड, ओलसर, किंचित चिखलाचा वास शिरतो. त्या टप्प्यात मी ड्रायव्हरच्या डोळ्यांवर नजर ठेवतो. पेंगतोय का, पापणी जड झालीय का, सगळं आरशातून बघत असतो. एकदा लक्षात आलं की तोही आरशातून माझ्याकडेच बघतोय. हा माणूस आपल्याकडे असा टक लावून का बघतो, असं त्याला वाटत असणार. आम्ही दोघं तसेच एकमेकांवर पहारा देत काशीमीऱ्यापर्यंत आलो.

माझं कामच असं आहे. परदेशातल्या एका बँकेच्या कार्डांवर जे व्यवहार होतात, त्यातले खोटे कुठले ते हुडकायचं. एखादी म्हातारी एका गावात पेट्रोल भरते आणि थोड्याच वेळात तिच्याच कार्डावर भलत्याच गावात बूट घेतले जातात. लगेच थांबवायचं. कधीकधी बूट तिच्या नातवाने तिला विचारूनच घेतलेले असतात, मग शिव्या खायच्या. नोकरीला लागलो तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "जिथे गडबड दिसते तिथे बघाच. पण जिथे सगळं फार नीटनेटकं दिसतं, तिथे दोनदा बघा." ते वाक्य माझ्या अंगात इतकं मुरलं की भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर टाकली तरी मी पिशवी उघडून बघतो.

आणि असा माणूस छंद म्हणून खेळतो काय, तर वॉरगेमिंग. टेबलावरची लढाई. थर्माकोलचे डोंगर, रंगवलेली नदी, अंगठ्याएवढे सैनिक, घोडे, तोफा. सगळं स्वतःच्या हाताने रंगवलेलं. टेपने इंच मोजून सैन्य पुढे न्यायचं, कोण मेलं, कोण वाचलं ते फासे टाकून ठरवायचं आणि मेलेले टेबलावरून उचलून ठेवायचे. ज्याच्यावर हल्ला होतो, त्याने आपल्या बचावाचे फासे आपल्याच हाताने टाकायचे, हा नियम. स्पर्धेत पंच असतो, पण तो एकटा आणि टेबलं ढीगभर. बाकी सगळं दोन खेळाडूंच्या इमानावर. घोडा दोन बोटं जास्त सरकला तर बघणारा समोरचाच. तो चहाला गेला तर बघणारा कुणीच नाही. माझ्यासारख्याने हा खेळ निवडावा याचं आईला आश्चर्य वाटतं. मला वाटत नाही. दिवसभर दुकान सांभाळणारी माणसं सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांची दुकानं बघत फिरतातच की.

स्पर्धा भाईंदर पश्चिमेच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये असते, तीही याच महिन्यात. आमचा धुंधुरमास म्हणजे गुजराती लोकांचा कमुरता. त्यात लग्नं होत नाहीत, हॉल ओस पडलेला असतो, म्हणून आम्हाला मिळतो. पंच स्टेजवरच्या नवरदेवाच्या मखमली खुर्चीत बसतो. हॉल सांभाळणारे महेंद्रभाई गेल्या वर्षी आमचे डबे उघडताना मागे येऊन उभे राहिले होते. "कमुरता छे, तो शादी तो है नहीं, खेलो आराम से," ते म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "पण ये तोप-वोप में बारूद तो नहीं है ना?" मी एक तोफ त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उलटी करून खालूनही पाहिली. मला तो माणूस फार आवडला.

आज जे आठवतंय ते गेल्या वर्षीच्या स्पर्धेचं. सकाळी पाळी संपवून आलो. आईने पाट मांडून ठेवला होता. "उपाशीपोटी लढाईला जातात का?" म्हणून तिने खिचडीवर दोनदा लोणी घातलं. झोप नव्हती ती काही त्या एका रात्रीची नव्हती. वरच्या मजल्यावर कुणीतरी नवीन राहायला येणार होतं आणि फरशा फोडायचं काम चाललं होतं. मी आडवा झालो की ड्रिल सुरू व्हायचं, उठून बसलो की बंद. हा योगायोग आहे असं अख्ख्या सोसायटीचं मत होतं. माझं नव्हतं. मी गादी दुसऱ्या खोलीत नेऊन पाहिली, तर ड्रिलही त्या खोलीवर आलं.

न झोपलेल्या माणसाला जग जरा वेगळं दिसतं. डोळ्यांच्या कडेला काहीतरी हलतं, नीट बघावं तर काही नसतं. लोकांचं बोलणं आणि त्यांचे ओठ यांच्यात किंचित अंतर पडतं. पोटात गरम खिचडी, डोळ्यांत वाळू, आणि समोर शेकडो बारीक सैनिक. पहिला सामना पनवेलच्या एका डॉक्टरांशी होता. ते फासे टाकण्याआधी मुठीत फुंकर मारायचे आणि नेहमी डोंगराच्या आडोशाला टाकायचे. मी म्हटलं, फासे बदलू या. ते हसून म्हणाले, "हे माझे घ्या की." त्यांच्या फाशांनी मला उत्तम दान पडलं, तेव्हा मला त्या फाशांचाच संशय आला. दुसरा सामना वसईच्या एका कॉलेजकन्येशी होता. माझी एक चूक तिने मलाच दाखवून दिली, आणि ती सुधारण्यात फायदा माझाच होता. मी तिच्याकडे बघतच राहिलो. इतकी सालस माणसं मला एरवी फक्त बँकेच्या कामात भेटतात, आणि ती निघतात कोण ते मला माहीत असतं. ती मात्र तशी निघाली नाही. दोन्ही सामने मी जिंकलो. तिसरा आला नेल्सनशी.

नेल्सन हा माझा मित्र. उत्तनच्या पुढे, चौकला त्याचं घर. शाळेत चित्रकला शिकवतो. एका दुकानात शेवटच्या बारीक ब्रशवर आमच्या दोघांचाही एकदमच हात पडला होता, तिथून ओळख. मग कितीतरी रविवार मी त्याच्या पडवीत घालवले. बाहेर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले, वास असा की नवख्याला उलटी व्हावी, आणि आम्ही दोघं भिंग लावून घोड्यांचे डोळे रंगवतोय. खाऱ्या वाऱ्याने रंग भराभर सुकायचा. तो मराठ्यांची फौज खेळायचा आणि मी पोर्तुगीजांची. चौकच्या डोंगरावरचा किल्ला मराठ्यांनी खरोखरच पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलेला. "आमच्या डोंगरावरचा किल्ला तुमी घेतला, आता मी तुमचा घेतो," असं म्हणत तो माझे टोपीवाले कापून काढायचा. "अरे, पण मराठे तर तूच खेळतोयस ना?" "मग काय झालं? आज तू फिरंगी हायस."

पुढच्या उन्हाळ्यात बेंगळुरूला जोड्यांची स्पर्धा होती आणि आम्ही जोडीने जायचं ठरवलं होतं. जोडीच्या खेळात एक फौज दोघांच्या हातात असते. एक चहा प्यायला गेला तर दुसरा त्याची माणसं हलवतो, त्याचे फासे टाकतो. भावाभावांत भांडणं लावणारा प्रकार आहे तो. पण नेल्सनबरोबर जाण्याइतकी हौस मला आयुष्यात थोड्याच गोष्टींची वाटली असेल.

तो चर्चमधली रविवारची मिसा आटोपून आला होता, इस्त्रीच्या शर्टात. नाताळचे फुगे डब्यात घालून आणले होते. म्हणजे ते गोल, पोकळ, किंचित गोड तळलेले पाव. "खा," म्हणाला. मी चार खाल्ले, आणि चौथा खाताना मनात आलं, सामन्याआधी हा मला इतकं का भरवतोय?

दुपारचं ऊन हॉलच्या काचेतून टेबलावर आलं होतं. मी पेंगायला लागलो. नेल्सन आपली पाळी खेळत असताना माझी मान खाली जायची, दचकून वर यायची. आणि दरवेळी डोळे उघडले की एकच दृश्य, नेल्सन फोन खिशात टाकतोय. एकदा ठीक. दुसऱ्यांदा मी नोंद घेतली. त्यानंतर मात्र माझं कामावरचं डोकं पूर्ण जागं झालं, बाकी शरीर झोपलेलं असतानाही. कुणाला कळवतोय हा? पलीकडच्या टेबलावरचे डॉक्टरही फोनमध्ये बघत होते. माझ्या फौजेची मांडणी बाहेर जातेय का? पुलाजवळचे त्याचे घोडेस्वार मघापेक्षा पुढे दिसत होते. तोफेपासून ते हातभर लांब होते ना? की नव्हते? मी आठवायचा प्रयत्न केला, आणि आठवणीच्या जागी फक्त खिचडी होती.

"हे घोडे मघाशी इथे नव्हते," मी म्हटलं.

नेल्सनने टेप खाली ठेवली. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"आणि फोनवर काय चाललंय तुझं मघापासून?"

"बघायचंय? घे." त्याने फोन माझ्या हातात दिला.

फोटो होते. टेबलाचे. वरून, नीट उजेडात काढलेले. पूल, तोफ, घोडेस्वार, सगळे जिथल्या तिथे. प्रत्येक फोटोच्या कडेला माझं डोकं, छातीवर झुकलेलं, तोंड अर्धवट उघडं. एकही घोडा केसभर हललेला नव्हता.

"तुझा डोळा लागला की काढतो," नेल्सन म्हणाला. "उठल्यावर तू इचारनार, हे इथं होतं काय. इचारतोसच."

मी अंगठ्याने फोटो मागे सरकवत गेलो. हॉल संपला आणि त्याची पडवी सुरू झाली. पडवीतलं टेबल, कडेला माझी चहाची कपबशी, मागे बोंबलांची वलांडी. मी हात धुवायला आत गेलो असेन तेव्हाचे. फाटकापर्यंत फोनवर बोलत गेलो असेन तेव्हाचे. त्याच्या वर्गातल्या पोरांच्या चित्रांमध्ये, त्याच्या आईच्या वाढदिवसामध्ये, मधूनमधून आमच्या खेळाची टेबलं. कितीतरी.

"हे कधीपासून?"

"दोनेक वर्सं झाली. मना काय शौक न्हाय रे. पन तुझ्या तोंडावर तो संशय येतो ना, तो मना नंतर दोन दिवस दिसत राहतो."

त्याक्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते सांगायला हवं, कारण डोकं कसं चालतं ते त्यावरून कळेल. मनात आलं, दोन वर्षं इतका नीटनेटका पुरावा कोण जमवतं? आमच्याकडे असा ग्राहक आला की आम्ही त्याचं खातं दोनदा बघतो. आणि मग त्या विचारामागून दुसरी गोष्ट आली. मला वाईट वाटलं. साधं, पोटातून, लहानपणी कुणी खेळायला घेतलं नाही की वाटायचं तसं. ज्याच्या पडवीत मी चप्पल काढून पाय पसरून बसायचो, तो माणूस मी पाठ वळवली की स्वतःला वाचवायची तयारी करत होता.

आम्ही खेळ पुरा केला. तो जिंकला. सामान आवरताना आपले घोडे स्पंजच्या खाचांत एकेक बसवत, वर न बघता म्हणाला, "बेंगळुरूला मी आमच्या शाळेतल्या सरांना घेऊन जातो. राग मानू नको. जोडीदाराचे पन फोटो काढायचे म्हंजे..." त्याने डब्याचं झाकण लावलं. मी म्हटलं, बरं.

भांडण झालं नाही, हीच अडचण. भांडण मिटवता येतं. त्यानंतर आम्ही वाढदिवसाला एकमेकांना फोन केले, पावसाळ्यात त्याच्याकडे झाड पडलं तेव्हा मी चौकशी केली. पण पडवीत ये, असं तो म्हणाला नाही आणि येऊ का, असं मी विचारलं नाही. एकदा, गणपतीनंतर, मी निघालो होतो. भाईंदर स्टेशनवरून चौकची बस पकडली. मुर्ध्याला बस थोडी रिकामी झाली. खिडकीतून मिठागरं दिसायची त्या जागी इमारतींचे सांगाडे उभे होते. ते बघता बघता विचार आला, आपण न सांगता गेलो तर त्याला काय वाटेल? हा काय बघायला आला, असं? मी राईला उतरलो, एका टपरीवर चहा घेतला आणि उलटी बस पकडून घरी आलो. टपरीवाल्याने सुटे परत दिले ते मी मोजले नाहीत, इतकं माझं लक्ष उडालं होतं.

झोपेचा आणि विश्वासाचा काही संबंध असावा असं मला हल्ली वाटतं. झोपणं म्हणजे काय, तर आजूबाजूच्यांवर सगळं सोडून देणं. पोरं पाहुण्यांच्या गर्दीत, रेडिओच्या आवाजात, कुणाच्याही मांडीवर झोपतात. मला माझ्या स्वतःच्या घरात, दाराला कडी असताना, वरचा मजला शांत असताना झोप लागत नाही. फरशांचं काम कधीच संपलं. नवीन राहायला आलेलं जोडपं अगदी हळू चालतं. मी जागा राहून ऐकत असतो, इतकं हळू का चालतात.

तर यंदाची स्पर्धा आज झाली. म्हणून हे लिहायला बसलोय, खरं तर झोपायला हवं. सकाळी पाळी, मग आईची भाकरी, मग रिक्षा. महेंद्रभाईंनी ओळख दिली, पण तोफ या वेळी पुन्हा तपासली. पंचाने चिठ्ठ्या काढल्या आणि दुसऱ्याच सामन्याला माझ्यासमोर नेल्सनचं नाव आलं. चिठ्ठ्यांवर माझा विश्वास नाही. कुणीतरी मुद्दाम केलं असणार. नेल्सनचे केस थोडे पिकलेत. मी त्याच्या फोनकडे बघतोय हे त्याला कळलं असावं, कारण त्याने तो बॅगेत टाकला, चेन ओढली आणि बॅग खुर्चीखाली पायाने सरकवली. हे मला दाखवण्यासाठी होतं, की खरंच? हा प्रश्न घेऊनच मी खेळायला लागलो.

फार बोलणं झालं नाही. "आई बरी आहे?" "बरी हाय. तुझी?" "बरी." मी टेप लावली, त्याने मान हलवली, त्याने लावली, मी मान हलवली. मान हलवायच्या आधी मी एकदाही वाकून आकडा बघितला नाही, पण ते जमवताना कपाळावर घाम आला. मग झोप आली, ठरल्यासारखी. टेबलाची कड धूसर व्हायला लागली.

"झोपतोयस," नेल्सन म्हणाला. "पानी मार तोंडावर."

"नको."

त्याचे घोडेस्वार माझ्या बंदूकवाल्यांवर येऊन आदळले होते. मधली रांग. ती मोडली की सामना गेला. बचावाचे फासे माझ्या मुठीत होते, आणि नियमाने ते मीच टाकायचे होते. मी मूठ त्याच्यासमोर धरली आणि उघडली.

"तूच टाक माझे."

नेल्सनने हात पुढे केला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, बारीक डोळे करून, अगदी माझ्यासारखं. "काय हाय तुझ्या मनात?"

"काही नाही. टाक."

"मग डोळे उघडे ठेव."

"नाही ठेवत."

मग तळहातावरचं वजन गेलं. मी डोळे मिटून घेतले. हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची ओढत होतं, डॉक्टर कुठेतरी हसत होते. फासे टेबलावर पडल्याचा आवाज आला, घरंगळले, थांबले. नेल्सनचं बोट एकेका फाशावर टकटकत गेलं.

"पाच गेले तुझे," तो शेवटी म्हणाला. "सातातले पाच."

एवढे? प्रश्न पार ओठांपर्यंत आला. पापण्या आपोआप उघडायला निघाल्या होत्या, त्यांना मला अक्षरशः धरून ठेवावं लागलं.

"उचल," मी म्हटलं, आणि डोळे मिटलेलेच ठेवले.